अंबोसेली की त्सावो वेस्ट? सासूबाई, दहा वर्षांचा मुलगा आणि हातात तीनच रात्री

फोंड्याची_सून

नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. नाताळच्या सुट्टीत केनियाला जायचं घाटतंय. आम्ही चौघं, मी, नवरा, मुलगा (दहा पूर्ण) आणि सासूबाई. त्या ६८ च्या, गुडघे दुखतात पण हौस आम्हा तिघांपेक्षा जास्त. चवथीला घर सोडायचा प्रश्नच नाही, मे महिन्यात तिकडे पाऊस असतो म्हणतात, म्हणून डिसेंबर.

एकूण सात रात्री. दोन नैरोबीला, शेवटच्या दोन मोंबासाला (नवऱ्याचा मामेभाऊ असतो तिथे), मधे उरल्या तीन. मसाई मारा आम्हीच काढून टाकलं, कारण त्या वाइल्डबीस्टच्या झुंडी डिसेंबरात टांझानियाच्या बाजूला असतात आणि मोंबासाच्या वाटेला ते पडतही नाही. एजंटने दोन पर्याय दिलेत, अंबोसेली तीन रात्री किंवा त्सावो वेस्ट तीन रात्री. नकाशात बघितलं तर दोन्ही शेजारी शेजारी, मग फरक काय हे विचारलं तर तो म्हणतो "मॅडम, दोन्ही बेस्ट". हे काय उत्तर झालं?

मुलाला गेंडा बघायचाय, बाकी काही नाही दिसलं तरी चालेल म्हणतो. सासूबाईंना हत्ती. पेडण्यात तो ओंकार हत्ती आला होता तेव्हापासून त्यांनी धरलंय, टीव्हीवर बघितला तो पुरे, आता डोळ्यांनी बघायचा. नवऱ्याला किलिमांजारोचा फोटो हवाय. मला काहीही चालेल, फक्त तीन दिवस स्वयंपाकघर नको. कोणी गेलंय का?

डिचोलकार

ताई, लाल हत्ती बघायचे तर त्सावो, राखाडी बघायचे तर अंबोसेली. चेष्टा नाही हां. त्सावोची माती आपल्या खाणींकडच्यासारखी तांबडी, आणि हत्ती ती अंगावर उडवून घेतो. साखळीच्या रस्त्यावर ट्रक धावायचे त्या काळात कडेची आंब्याची झाडं कशी दिसायची आठवतंय? तसेच हत्ती. माझ्या बायकोने पहिला बघितला आणि म्हणाली, "अगो बाय, हा खाणीवरनं सुटलाय."

पाटो_ते_पोले

आम्ही २०२३ च्या फेब्रुवारीत दोन्ही केलं, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो, वेळ असेल तर वाचा.

आधी आकार समजून घ्या, एजंट सांगत नाहीत. अंबोसेली म्हणजे ३९२ चौरस किलोमीटर. आपला गोवा ३७०२. म्हणजे गोव्याचा नववा हिस्सा धरा, आणि तोही बराचसा सपाट, उघडा, झाड कमी. त्सावो वेस्ट नऊ हजारांच्या वर, म्हणजे जवळजवळ अडीच गोवे, त्यात डोंगर, काटेरी झुडपं, लाव्हा, नदी सगळं. (त्सावो ईस्ट वेगळं, ते आणखी मोठं. १९४८ साली एकच पार्क केलं होतं, आता मधून नैरोबी-मोंबासा हायवे आणि रेल्वे जाते.) आता तुम्हीच सांगा, गुडघेदुखीवाल्या माणसाला गाडीत बसून जनावर कुठे पटकन दिसणार? अंबोसेलीत नजर पोचेल तिथपर्यंत मोकळं. त्सावोत पाच फुटांवर हत्ती उभा असला तरी झुडपामुळे चुकतो, आमचा एक चुकलाच होता, मागच्या गाडीवाल्यांनी नंतर फोटो दाखवला.

अंबोसेलीचा खेळ सगळा पाण्याचा आहे. पाऊस तिथे फार पडत नाही, पण किलिमांजारोचं पाणी जमिनीखालून येतं आणि पार्कच्या मधोमध दलदलीत वर निघतं. सगळीकडे धुरळा आणि मधे हिरवीगार दलदल. सकाळी हत्तींचे कळप बाजूच्या रानातून ओळीने त्या पाण्याकडे येतात आणि संध्याकाळी परत जातात, आपल्याकडे गुरं चरायला सोडतात ना तसं ठरल्या वाटेने. पाण्यात पोटापर्यंत बुडून गवत उपटून खातात, आणि पाठीवर गायबगळे. आपल्या शेतात म्हशीच्या पाठीवर बसतात तेच पांढरे बगळे. माझी आई होती बरोबर, तिला हत्तीपेक्षा बगळ्यांचंच अप्रूप, "हे इथे कसे आले?" विचारत बसली.

आणि माद्यांनाही बाहेर सुळे असतात, आपल्याकडच्या हत्तिणींसारखं नाही. मुलाला आधी सांगू नका, त्याला ओळखू दे.

तिथे हत्तींवर १९७२ पासून अभ्यास चालू आहे, सिंथिया मॉस म्हणून बाई आहेत त्यांनी सुरू केलेला. कानाच्या कडा कुठे फाटल्या, कुठे भोक, त्यावरून एकेक हत्ती ओळखतात, पिढ्यान्पिढ्या नावं आहेत. टिम नावाचा एक प्रचंड सुळेवाला होता, सुळे जवळजवळ जमिनीला टेकायचे, २०२० साली म्हातारपणाने गेला. आमचा ड्रायव्हर त्याच्याबद्दल बोलायचा तेव्हा आवाज बदलायचा, घरातलं माणूस गेल्यासारखा.

आता डोंगर. किलिमांजारो टांझानियात आहे, दिसतो केनियातून, ५८९५ मीटर. पण तो दिसेलच याची खात्री कोणी देऊ नये. पहाटे आणि कधी कधी संध्याकाळी उघडा असतो, नऊ-दहा वाजले की ढग ओढून घेतो. आमच्या पहिल्या ट्रिपला (ही गोष्ट २०१७ ची) एजंटने एकच रात्र दिली होती. दुपारी पोचलो, ढग. संध्याकाळी ढग. दुसऱ्या दिवशी पुढचा टप्पा लांब म्हणून पहाटे अंधारातच बाहेर काढलं, आणि तासाभराने गाडीच्या मागच्या काचेत बघतो तर डोंगर लख्ख, टोकावर बर्फ, गुलाबी उन्हात. गाडी थांबवा म्हटलं तर ड्रायव्हर म्हणतो उशीर होईल. बायको अजून तो विषय काढते. म्हणून अंबोसेली करायचं तर दोन रात्री, म्हणजे दोन पहाटे हातात. एक रात्र करणार असाल तर करूच नका.

धुरळ्याची तयारी ठेवा. त्सावोचा तांबडा, अंबोसेलीचा पिठासारखा पांढुरका. चेन बंद केलेल्या बॅगेतल्या चष्म्याच्या डबीतसुद्धा सापडला. सासूबाईंना ओढणी आणि मास्क दोन्ही द्या.

मोले_ट्रेकर

पाटोकर, तुम्ही लिहिलंय छान, पण अंबोसेलीच्या गर्दीबद्दल अवाक्षर नाही? एवढंसं पार्क, त्यात नाताळ. सिंह दिसला की वायरलेसवर निरोप आणि दहा मिनिटांत पंधरा व्हॅन. कळंगूटला ३१ डिसेंबरला जाऊन पार्किंग शोधल्यासारखं. त्सावोत अर्धा दिवस दुसरी गाडी दिसत नाही, आणि मला विचाराल तर जंगल म्हणजे हेच. मोलेच्या रानात गवा असतो हे आपल्याला माहीत असतं, रोज दिसतो का? नाही दिसला तरी आपण जातोच ना.

शिवाय झिमा स्प्रिंग्ज त्सावो वेस्टमध्ये आहे, ते सोडून कसं चालेल? च्युलू टेकड्यांवर पडलेलं पावसाचं पाणी लाव्हाच्या खडकातून गाळून गाळून खाली येतं आणि इथे झऱ्यासारखं वर निघतं, काचेसारखं स्वच्छ. मोंबासाला पिण्याचं पाणी इथूनच पाइपने जातं, म्हणजे ताई तुमच्या मामेदिराच्या नळाला कदाचित तेच येत असेल. पाणघोडे आणि मगरी आहेत, आणि पाण्याखाली काचेची खोली बांधलीय, तिच्यात उतरून मासे बघायचे. दहा वर्षांचं पोर तिथून बाहेर यायला तयार होणार नाही. रेंजर बरोबर येतो, गाडीतून उतरून पायवाटेने चालायचं, वाट बऱ्यापैकी सपाट.

माझं मत, तिन्ही रात्री त्सावो. आणि पैसेही वाचतील, अंबोसेलीची एन्ट्री फी जास्त आहे.

फोंड्याची_सून

बापरे, केवढं लिहिलंत, देव बरें करूं. नवऱ्याला वाचून दाखवलं, तो म्हणतो अंबोसेली. मुलगा म्हणतो झिमा. पण गेंड्याचं कोणीच बोलत नाहीये. गेंडा नाही दिसला तर परत येईपर्यंत मला ऐकावं लागणार. त्सावोत असतो ना?

पाटो_ते_पोले

असतो, न्गुलिया म्हणून कुंपण घातलेला भाग आहे त्यात, काळा गेंडा. पण दाट झाडी, आम्ही दीड तास फिरलो आणि एक पाठ दिसली, ती पण गेंड्याची की दगडाची यावर घरात अजून एकमत नाही. अंबोसेलीत गेंडा नाहीच.

पण तुम्ही नैरोबीला दोन रात्री आहात ना? मग तिथेच बघून टाका. नैरोबी नॅशनल पार्क शहराला लागून आहे, केनियातलं सगळ्यात जुनं, १९४६ चं. काळे-पांढरे दोन्ही गेंडे आहेत आणि मोकळ्या गवतात असल्यामुळे चांगले दिसतात. सकाळी सहाला गेट उघडतं, तेव्हाच आत शिरायचं, दुपारपर्यंत हॉटेलवर परत. आम्हाला दोन तासांत पाच दिसले, मागे उंच बिल्डिंगा आणि पुढे गेंडा चरतोय, जरा विचित्रच दृश्य. म्हणजे गेंड्यासाठी त्सावो निवडायची गरज उरत नाही.

आगोंदची_माय

सगळे जनावरांचंच बोलतायत, मी इंजेक्शनचं बोलते, ते आधी बघा. केनियातून परत येताना यलो फीव्हरचं सर्टिफिकेट लागतं, आपल्याच विमानतळावर तपासतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये बसवू शकतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी सर्टिफिकेट लागू होतं, म्हणजे निघायच्या आदल्या आठवड्यात घेऊन उपयोग नाही. एकदा घेतली की जन्मभर चालते. ती कुठल्याही दवाखान्यात देत नाहीत, सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि तिथे ठरावीक वार असतात, आधी फोन करा. आम्ही न विचारता गेलो आणि काणकोणहून अख्खी फेरी फुकट.

सासूबाईंचं मात्र आधी डॉक्टरांना विचारा हां. साठीच्या पुढे ही लस पहिल्यांदा घेताना त्रास व्हायची शक्यता थोडी जास्त असते, म्हणून डॉक्टर बाकीची औषधं, प्रकृती बघून ठरवतात. द्यायचीच नाही असं ठरलं तर तसं रीतसर पत्र देतात, पण ते पत्र आणि नियम दोन्ही नीट समजून घ्या, विमानतळावर वाद घालायची वेळ यायला नको. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच फेरीत विचारून घ्या.

आणि प्लास्टिकच्या पिशव्या नेऊ नका. तिथे २०१७ पासून बंदी आहे, आणि पार्कात २०२० पासून एकदाच वापरायच्या पाण्याच्या बाटल्याही चालत नाहीत. मी चिवडा, शंकरपाळे सगळं झिपच्या पिशव्यांत भरलं होतं, मुलीने शेवटच्या रात्री बघितलं आणि बारा वाजता सगळं स्टीलच्या डब्यांत ओतत बसलो. व्हिसा आता नाही, ऑनलाइन ईटीए (म्हणजे प्रवासाची आगाऊ परवानगी) काढायचं, मुलाचं वेगळं.

लोलयेंचो_शेणै

जरा विषयांतर, माफ करा. आमच्या गावात एका जुन्या घराला अजून "आफ्रिकाराचें घर" म्हणतात, मालक मोंबासाला रेल्वेत क्लार्क होते. केनियात गोंयकार शंभर-सव्वाशे वर्षांपासून आहेत. नैरोबी म्हणजे नुसते तंबू आणि पत्र्याची घरं होती तेव्हा तिथे डॉक्टर रोझेंदो रिबेरो आले, आपले गोंयकार, आणि पेशंट बघायला झेब्र्यावर बसून जायचे. खोटं नाही, फोटो आहे.

त्सावोचं म्हणाल तर १८९८ साली तिथे रेल्वेचा पूल बांधताना दोन सिंहांनी माणसं उचलायला सुरुवात केली, आपल्याकडून नेलेले मजूर होते त्यात बरेच. रात्री तंबूतून ओढून न्यायचे. त्या दोन्ही नरांना आयाळ नव्हती. पॅटरसन म्हणून इंजिनियर होता त्याने शेवटी दोघांना मारलं, त्याने बळींचा आकडा १३५ पर्यंत सांगितला होता, पण नंतर शास्त्रज्ञांनी त्या सिंहांच्या केसांची-हाडांची तपासणी करून ३५ च्या आसपास धरला. सिंह आता पेंढा भरून शिकागोच्या म्युझियममध्ये आहेत. नातवाला सांगा, पण रात्री लॉजवर नको.

डिचोलकार

शेणै मामा, आता सासूबाई जाणार नाहीत 😄

फोंड्याची_सून

उलट! त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या मग तो पूल बघायचा. हे काय झालं माझं.

बरं, एजंटला विचारलं दोन्ही पार्क करता येतात का, तो म्हणतो "हो मॅडम, दीड दीड रात्र करू". दीड रात्र म्हणजे काय असतं?

पाटो_ते_पोले

दीड रात्र म्हणजे एजंट बदला 😀

माझ्या मते दोन अधिक एक. मोले_ट्रेकर यांना पटणार नाही. पण बघा, तुम्ही मोंबासाला जाणारच आहात. त्सावो वेस्ट वाटेवर आहे, वाकडी वाट करायची नाहीये. नैरोबीहून सकाळी लवकर निघा, हायवेने एमालीपर्यंत, तिथून आत किमानाकडे, जेवायच्या वेळेला अंबोसेली. दोन रात्री, दोन पहाटे. तिसऱ्या दिवशी नाश्ता करून किमाना, लोइतोकितोकच्या बाजूने त्सावोच्या च्युलू गेटवर. शेवटचा पट्टा खडबडीत आहे, कंबरेला पट्टा असेल तर बांधा. वाटेत शेतानी लाव्हा लागतो, शेतानी म्हणजे सैतान, काळ्या दगडांचा गोठलेला पूर, मैलोन् मैल. मुलाला उतरून त्यावर चालू द्या, बूट मात्र जाड हवेत, दगड वस्तऱ्यासारखे आहेत.

त्सावोत एक रात्र किलागुनीला राहा असं सुचवेन. पार्कच्या आतलं जुनं लॉज आहे, १९६२ चं. व्हरांड्यासमोरच पाणवठा. सासूबाईंनी दुपारी गाडीत बसायचंच नाही, चहा घेऊन खुर्चीत बसायचं, हत्ती, झेब्रे, म्हशी समोर येतात. आमची आई संध्याकाळच्या फेरीला आली नाही, आम्ही तीन तास धुरळा खाऊन परत आलो तर तिने बसल्या जागी चाळीस हत्ती मोजले होते, आणि आम्ही सात.

चौथ्या दिवशी सकाळी झिमा, तिथून म्तितो अंदेई गेट, आणि तिथून मोंबासा. लाल हत्ती नशिबात असतील तर याच टप्प्यात.

मोले_ट्रेकर

नाही पटलं, पण सासूबाईंचा मुद्दा मान्य. मी एकटा फिरणारा माणूस, व्हरांड्याचा विचार कधी केला नव्हता.

एक भर घालतो. म्तितो अंदेईला नवीन रेल्वेचं स्टेशन आहे, सगळ्या स्टेशनांवर थांबणारी जी गाडी असते ती पकडून मोंबासाला जाता येतं. व्हॅन तिथूनच नैरोबीला परत पाठवायची, म्हणजे मोंबासापर्यंतचं आणि परतीचं भाडं वाचतं, एजंटशी त्यावर घासाघीस करा. गाडी दोन्ही त्सावोंच्या मधून जाते, रुळाखालून जनावरांना जायला वाटा ठेवल्यात, खिडकीतून हत्ती दिसतात कधी कधी. फक्त वेळापत्रक बघूनच झिमाहून निघा, त्या गेटपर्यंत दीड तास तरी धरा. तिकीट नाताळात मिळणं कठीण, ऑनलाइन सुरू झालं की लगेच काढा.

आणि निळे-काळे कपडे नकोत, त्सावोत त्सेत्से माशी त्या रंगांवर येते. जीन्स घरी ठेवा.

आगोंदची_माय

पॉप-अप छपराची गाडी आहे ना ते लेखी घ्या. उभं राहून बघता येतं. आणि सासूबाईंना खिडकीची जागा एजंटने नाही, तुम्ही ठरवायची. अंबोसेलीत गाडीतून उतरायची जागा एकच, ऑब्झर्वेशन हिल, तिथे पायऱ्या आहेत, त्यांना खाली गाडीतच बसवा. वरून दलदल फार सुंदर दिसते, मोबाइलवर व्हिडिओ काढून आणून दाखवा.

जेवणाची काळजी नको. चपाती तिकडे सगळीकडे मिळते आणि तिला चपातीच म्हणतात. पैशाला पेसा, गाडीला गारी, दुकानाला डुका. सासूबाई दोन दिवसांत बोलायला लागतील.

फोंड्याची_सून

ठरलं. दोन अंबोसेली, एक किलागुनी, नैरोबीला गेंडा, झिमा करून ट्रेन. एजंटला लिहून पाठवलं तर त्याने फोन करून विचारलं, "मॅडम, तुम्ही आधी जाऊन आलात काय?"

लसीचं उद्या डॉक्टरांना विचारते. सासूबाईंनी एक प्रश्न दिलाय, त्यांच्याच शब्दांत लिहिते. त्या व्हरांड्यातल्या खुर्चीला पाठ आहे की नुसता स्टूल?

पाटो_ते_पोले

पाठ आहे, हातही आहेत. आणि गादी. फक्त माकडांपासून बिस्किटं सांभाळा म्हणावं, आईचा अख्खा पुडा गेला होता.